सोन्याचे थेंब

योगिनीचा डावा अंगठा तळहातात मुडपला होता आणि काही केल्या बाहेर राहत नव्हता.

सायलीने तो दोन बोटांनी अलगद सोडवला. सोडवला की सरळ व्हायचा, हात काढला की पुन्हा आत. लेकरं मुठी वळतात, त्यात नवल ते काय, हे तिलाही कळत होतं. पण ही मूठ तिला वेगळी वाटत होती. चार बोटं ताठ, एकमेकांना चिकटलेली, आणि अंगठा त्यांच्याखाली दडून बसलेला, कुणाला तरी भ्यायल्यासारखा. मधूनच मनगटापाशी बारीक उसळी यायची. सायली टक लावून बसली की काहीच व्हायचं नाही. तिने दूध उतू जातंय का म्हणून मान वळवली की डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं, हललं.

"दिसलं का?" तिने गजेंद्रला विचारलं.

"काय?"

"हात. आत्ता हलला तिचा."

"लेकराचा हात हालनारच ना, सायली. हालला नाई तं सांग मले."

गजेंद्र ताटावरून उठला तो थेट मोटारसायकलकडे. वाशीमजवळच्या मालेगावच्या कडेला त्यांची वाडी होती, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं बारमाही पीक. मे महिन्याच्या उन्हात सांबाराची जुडी तासाभरात मान टाकते, त्यामुळे त्याचा जीव सदा त्या जुड्यांत. तो वाईट माणूस नव्हता. बायकोचा घोर त्याला दिसत नव्हता असंही नाही. पण योगिनी पोटात असल्यापासून सायलीने इतक्या गोष्टींचा घोर केला होता की कोणता घोर खरा हे ओळखायचं त्याने सोडून दिलं होतं.

आणि खरंच, ती सगळ्यावर नजर ठेवणारी बाई होती. लेकराचा श्वास, लेकराची शी, टाळू किती उडते, पंख्याची हवा थेट लागते का. पोर जानेवारीत जन्मली नि तिला ऊन लागू नये, धूळ लागू नये, कुणाचा खोकला लागू नये म्हणून सायलीने तिला आतल्या खोलीतून फार बाहेर काढलंच नव्हतं. खिडकीला जाड पडदा लावला होता. शेजारची लतीफा एकदा हसत म्हणाली होती, "पोर पाळून राह्यली का खवा? बाहेर काढला की नासंल अशी."

या सगळ्या घोरांच्या तळाशी एक मात्र पक्का होता. तो सायलीने कुणालाच नीट सांगितला नव्हता, कारण सांगायला लागलं की ऐकणारा हसायचा.

अमरावतीला एम.एस्सी. करताना तिने सोन्याच्या कणांवर काम केलं होतं. सोनं बारीक करत करत इतकं बारीक केलं, की लाखो कण एका ओळीत लावले तरी जेमतेम बोटाच्या पेराएवढी लांबी व्हावी, तर ते पिवळं राहत नाही. अंबाडीच्या बोंडांचं सरबत असतं तसं लालचुटूक दिसायला लागतं. ते लाल पाणी ती काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवर सोडायची आणि काळोख्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची. पेशींत एक रंग आधीच भरलेला असे. आत कॅल्शियम वाढलं की तो रंग हिरवा चमकायचा.

पेशीच्या कातडीला दारं असतात. पुस्तकात त्यांना आयन चॅनेल म्हणतात. दाराबाहेर कॅल्शियमची ही गर्दी, आणि आत म्हणाल तर नावालाच. दार जरा किलकिलं झालं की कॅल्शियम आत घुसतं, आणि ते घुसणं हाच पेशीसाठी निरोप. आखड, पाझर, वाढ, नाहीतर मर. सोन्याचे कण त्या दारांचं काय करतात, उघडतात की अडवून धरतात, हे शोधायचं होतं. कधी काहीच व्हायचं नाही. आणि कधी, सगळ्यात बारीक कण घेतले की, एक पेशी हिरवी व्हायची, मग तिच्या शेजारची, मग पलीकडची. वीज गेलेली असावी नि गल्लीत एकेका घरात दिवा यावा तशी. तिच्या मार्गदर्शक बाई फार सांभाळून बोलायच्या. कणाचा आकार बदला, वरचा लेप बदला, मात्रा बदला, उत्तर बदलतं, असं त्या म्हणायच्या. "ताटलीत दिसलं ते ताटलीपुरतंच लिही." सायलीने तसंच लिहिलं. गुण चांगले मिळाले, लग्न झालं, ती मालेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात तासांवर शिकवायला लागली, आणि ते हिरवे दिवे मागे राहिले.

ते परत आले फेब्रुवारीत. गावात एक वैद्य पुष्य नक्षत्राच्या दिवशी लेकरांना सुवर्णप्राशन द्यायचे, म्हणजे तूप-मधात घातलेलं सोन्याचं भस्म. सासूबाई सीताबाई नात घेऊन गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या, थेंब पाजून आल्या आणि येताना रोज द्यायची एक बाटलीही घेऊन आल्या. सायली आधी हसली. मग तिला आठवलं, की भस्म म्हणजे नुसता भुगा नव्हे, त्यात किती बारीक कण असतात ते कुणीतरी मोजलेलं तिने वाचलं होतं. त्यानंतर तिला हसू आलं नाही. गजेंद्रला ती म्हणाली, "त्यात नॅनो कण असतात."

"नॅनो? आपुन मेथीवर फवारतो ते युरिया?"

"ते नाही हो. सोन्याचे."

"मंग चांगलंच हाये. युरियापेक्षा भारी."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती. चप्पल घालता घालता ती दारातूनच सासूला म्हणाली होती, "आई, योगिनीचे ते सोन्याचे थेंब आजपासून बंद करा हं."

सीताबाई लेकराला तेल लावत होत्या. "काहून वं?"

"त्रास होतो त्यानं. मी शिकलेय त्याच्यावर."

"बरं," सीताबाई म्हणाल्या. वाद नाही, कुरकुर नाही. सायलीला त्याचंच बरं वाटलं होतं.

सकाळची आंघोळ आणि थेंब हे सीताबाईंचं राज्य. कॉलेजला सुट्या लागल्या तरी ते बदललं नाही. आंघोळ झाली की त्या लेकराला मांडीवर आडवं घेत, फडताळातून तपकिरी बाटली काढत आणि तिच्या तोंडात थेंब सोडत. सायली उंबऱ्यात उभी राहून रोज बघायची. व्हिटॅमिन डीचे थेंब, बाळाच्या डॉक्टरांनी जन्मल्यापासून रोज द्यायला सांगितलेले. निदान ते तरी चुकत नाहीत, हे बघून तिच्या जिवाला तेवढंच थंड वाटायचं.

आता मात्र हात हलत होता. सोनं बंद होऊन तीन महिने झाले आणि हात आत्ता हलतोय, म्हणजे काय? सायलीच्या मनात एकच गोष्ट बसली. बंद झालेलं नाही.

ती स्वयंपाकघरात गेली. सीताबाई वांग्याचे देठ काढत होत्या.

"आई, एक विचारू? रागावू नका."

"म्हंजे रागावन्यासारखंच हाये."

"सोन्याचे थेंब तुम्ही बंद केले ना?"

"तवाच केले."

"मधे कधी पुष्याला वगैरे..."

सीताबाईंनी विळा खाली ठेवला. "तू म्हनली बंद, म्या केले बंद. एक दिवस दिले नाई. देवाची आन घेऊ का आता?"

आण घ्यायला सायलीने सांगितलं नाही. पण सीताबाई वाडीवर डबा घेऊन गेल्या तसं तिने फडताळ उघडलं. काजळाची डबी, वेखंडाचा तुकडा, तेलाची वाटी, आणि मागे दोन तपकिरी बाटल्या. दोन्हींना रबरी टोपणाचे ड्रॉपर. एका बाटलीचं लेबल तेलकट बोटांनी पुसून पार गेलेलं, दुसरीला मुळात नव्हतंच. सायलीने पहिली उघडली. वास नाही. दुसरी उघडली आणि नाकाशी नेताच मधाचा गोड, तुपकट वास आला. टोपणाच्या कडेला ओला चिकट ओघळ होता. आजचा.

तिचे कान तापले. दुपारभर ती बाटली पदराखाली घेऊन बसून राहिली. मग अमरावतीच्या प्रयोगशाळेतला तिचा सोबती प्रसेनजित, तो आता पुण्यात संशोधन करत होता, त्याला तिने फोन लावला.

"प्रसेनजित, सोन्याच्या कणांनी लेकराच्या हाताला झटके येतील का?"

"सायली, तू बरी आहेस ना?"

"माझं सोड रे. कण नसांपर्यंत गेले, कॅल्शियमची दारं उघडी राहिली, स्नायू आखडले. होऊ शकतं का एवढंच सांग."

"पोटातून किती रक्तात जातं तेच नक्की नाही. गेलं तर कुठं जातं, तेही नाही. तू मला ताटलीतून थेट पाळण्यात नेऊन राहिली. लेकराला डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवणार आहे."

"दाखव. आजच दाखव. बाटली नंतर तपासू."

आजच दाखवायला हवं होतं. पण संध्याकाळी गजेंद्र आला आणि सायलीच्या तोंडून आधी बाटली निघाली.

"तुमच्या आईला विचारा हे काय आहे."

गजेंद्रने बाटली हातात घेतली, वास घेतला, आईकडे पाहिलं. "आई, तू बंद केलं म्हनत होती ना?"

"कोनतं?"

"कोनतं काय. हेच."

"हे बंद करायचं कवा म्हनली ती?" सीताबाई म्हणाल्या. "ती म्हनली सोन्याचे."

"मंग हे काय चांदीचे हायेत?"

"तू मधात बोलू नको गजा. तुले कोन्त्या लेकराचं काय कळते."

"आई," सायली म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "तुम्ही माझ्या तोंडावर आण घ्यायला निघाल्या होत्या."

"घेतो ना मंग. खोटं कायले बोलू मी? लेकरू काय माह्यं नाई?"

"लेकराचा हात उडतोय. दिवसभर. ते तुमच्या थेंबांनी उडतोय."

सीताबाईंचं तोंड उघडं राहिलं. त्या उठून आत गेल्या, आणि आतून भांड्यांचा आवाजही आला नाही. त्या घरात सीताबाई गप्प बसल्या की सगळं घर घसा खाकरत फिरायचं.

सकाळी आंघोळ सायलीने घातली. पहिल्यांदाच. सीताबाई अंगणात बाजेवर पाठ करून बसल्या होत्या. सायलीने लेकराला पुसलं, मांडीवर घेतलं, आणि योगिनीने घशातून एक विचित्र आवाज काढला. कोंबडीचा गळा कुणी धरावा तसा बारीक, आत ओढलेला. मग तिचे डोळे एका बाजूला लागले, दोन्ही हात ठोक्यावर ठोका दिल्यासारखे उडायला लागले, पाय उडायला लागले, ओठांचा रंग जांभळा झाला.

सायलीने हाक कुणाला मारली ते तिला नंतर आठवेना. बाजेवरून पहिल्या उठल्या त्या सीताबाई. त्यांनी लेकरू तिच्या हातातून घेतलं नाही. फक्त कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ पदराने टिपली आणि भिंतीपलीकडे ओरडल्या, "लतीफा! गाडी काढायले लाव!"

लतीफाचा नवरा उस्मान बांगड्यांचा माल घेऊन बाजारोबाजार फिरायचा, त्याची छोटी व्हॅन दारातच असे. त्याने मागच्या खोक्यांना लाथ घालून जागा केली. झटका तोवर थांबला होता, पण लेकरू झोपल्यासारखं लुळं पडलं होतं. वाशीमचा रस्ता त्या दिवशी संपत नव्हता. सायली लेकराच्या नाकासमोर बोट धरून बसली होती. सीताबाई समोर बसून तिच्या त्या बोटाकडे बघत होत्या. लतीफा दोघींच्या मधे पिशवी धरून बसली आणि एकदाच म्हणाली, "चल राह्यला न श्वास? मंग बस झालं. आत्ता पोचतो."

बाळांच्या दवाखान्यात डॉक्टरबाई थोड्या वयस्क होत्या, बोलायला तुटक. त्यांनी लेकराला तपासलं, मुडपलेला अंगठा पाहिला, कानासमोर गालावर बोटाने टिचकी मारली. टिचकीसरशी लेकराचा ओठ एका बाजूला ओढला गेला. त्यांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा ओठ ओढला गेला.

"रक्त काढा," त्या नर्सला म्हणाल्या. "साखर आत्ता इथंच बघा. कॅल्शियम तातडीने."

"मॅडम," सायली म्हणाली, "मला माहितेय कशानं झालंय ते." आणि तिने सगळं एका दमात सांगितलं. सोनं, कण, दारं, आत घुसणारं कॅल्शियम. निघताना पदराखाली घेतलेली बाटलीही टेबलावर ठेवली. सीताबाई भिंतीशी उभ्या राहून ऐकत होत्या. डॉक्टरबाईंनी मधे तोडलं नाही, पण त्यांचा हात लेकराच्या छातीवरून हललाही नाही.

"यात मध आहे?" त्यांनी बाटलीचा वास घेतला.

"आहे."

"मग वर्षाच्या आत द्यायचं नव्हतंच. मधानं लहान लेकराला वेगळाच आजार होऊ शकतो. सोन्याचं म्हणाल तर त्यानं झटके येतात असं मी कुठं पाहिलं नाही. नाहीच येणार असं लिहूनही देणार नाही. आधी रक्त येऊ दे."

रक्ताचा अहवाल आला. साखर ठीक होती. कॅल्शियम खाली होतं. थोडंथोडकं नव्हे, चांगलंच.

"कमी?" सायली म्हणाली.

"कमी. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की नसा अशाच भडकतात. लेकराला ऊन मिळतं?"

"नाही."

"तुम्हाला?"

"गरोदरपणात... पावसाळाभर घरातच होते. नंतर कॉलेज."

"आईला कमी, म्हणून लेकराला कमी. दर दुसऱ्या घरी हेच आहे. म्हणून तर जन्मल्याबरोबर डीचे थेंब देतो आम्ही. दिले होते ना?"

"रोज देतो," सायली म्हणाली. "एक दिवस चुकलेला नाही. मी स्वतः बघते."

"मग एवढं खाली जायला नको." डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणते थेंब? पिवळसर, तेलासारखे?"

भिंतीकडून सीताबाईंचा आवाज आला. "ते तं हिनं बंद करायले लावले."

सायली वळली. "मी?"

"तूच नाई का म्हनली दारातून? सोन्याचे थेंब बंद करा म्हनून. पिवळे जर्द, सोन्यासारखे. म्या तर पयल्यापासून त्यायले सोन्याचेच म्हनतो. किती डाव तुह्यासमोर म्हनलं असंन, आन वं ते सोन्याचे."

"मग ही बाटली?"

"हे पुखाचे. पुखाच्या नक्षत्राले आनले म्हनून पुखाचे. हे काय सोन्यावानी दिसतात? मातकट तं हायेत. याच्यात सोनं हाये हे तुमी म्हनता. मले तं वैद्यबुवानं पुखाचे थेंब म्हनूनच देल्ले."

नर्स सलाईन लावत होती, तिचा हात क्षणभर थांबला.

सायलीला आठवलं. सीताबाई म्हणायच्या खऱ्या, आन वं ते सोन्याचे. ती आणून द्यायची. तेव्हा, वैद्याचे थेंब घरात येण्याआधी, तपकिरी बाटली एकच होती. शब्द तिच्या कानावर रोज पडला आणि रोज निघून गेला. नंतर तोच शब्द तिने उचलला, दुसऱ्या बाटलीला चिकटवला, आणि चप्पल घालून निघून गेली. मग तीन महिने उंबऱ्यात उभी राहून तपकिरी बाटली, तपकिरी बाटली एवढंच बघत राहिली. इतकं बघून राहिली होती ती.

"कॅल्शियम शिरेतून द्यायचंय, अगदी हळू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हृदयाचे ठोके बघत बघत. कुणीतरी एकीनं इथं बसा."

कुणी बसायचं हे कुणी विचारलं नाही. दोघी बसल्या, खाटेच्या दोन बाजूंना. पडद्यावर हिरवी रेघ वर-खाली होत होती. नर्स सिरिंजचा दांडा केसाएवढा केसाएवढा पुढे सरकवत होती. सायली त्या रेघेकडे बघत होती आणि डोक्यात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा पेपर उलगडत होता. ज्या प्रश्नाचं उत्तर तिने तोंडपाठ लिहिलं होतं तोच. नसेच्या दारांत सोडियमची दारं वेगळी. बाहेर उभं असलेलं कॅल्शियम त्या दारांवर हात ठेवून असतं, उगाच उघडू देत नाही. ते बाहेरचं कॅल्शियम आटलं की दारं जराशा धक्क्याने उघडतात, धक्का नसला तरी उघडतात, आणि नस विनाकारण ओरडत सुटते. हात उडतो. गळा आवळतो. सायली इतके दिवस आत काय घुसलं याचाच विचार करत होती. बाहेरून काय निघून गेलं, हे तिने पाहिलंच नव्हतं. दोन्ही ठिकाणी एकच नाव, कॅल्शियम, आणि ते एकच समजून ती धावत सुटली होती.

गजेंद्र आला तेव्हा त्याच्या शर्टाला मेथीची पानं चिकटलेली होती. उस्मानने फोनवर त्याला काय नि किती सांगितलं होतं कोण जाणे. त्याने लेकराकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं, आणि मग आईवर त्याचा आवाज चढला.

"सांगतलं होतं ना तुले? कवाच सांगतलं होतं, बंद कर म्हनून. तुले आयकायचंच नसते..."

"अहो, हळू," सायली म्हणाली.

"हळू काय? लेकरू..."

"त्यांनी ऐकलं. माझंच ऐकलं." सायली उठून उभी राहिली. "मी चुकीचं नाव घेतलं. डॉक्टरांचं औषध मीच बंद करवलं. त्यांनी मी सांगितलं तेच केलं, आणि मी त्यांना खोटं ठरवलं."

गजेंद्रला काही समजलं नाही. त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हंजे पुखाचे..."

"पुखाच्या थेंबांनी हे झालेलं नाही."

सीताबाई खाली बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. सायलीला वाटलं त्या सुटल्या म्हणून रडतायत. मग कळलं, तसं नव्हतं.

"म्हंजे म्याच बंद केलं ना," सीताबाई म्हणाल्या. "ह्या हातानं. औषध होतं ते, अन् म्या फडताळात मागं सारून ठेवलं."

"आई, मी सांगितलं म्हणून."

"मले एवढं तं पुसता आलं असतं, की डॉक्टरचं कायले बंद करतं वं बाई. म्या मनात म्हनलं, शिकेल हाये, तिले ठाऊक." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तुह्या शिक्षनाले भ्यालो मी."

सायली खाटेला वळसा घालून पलीकडे गेली आणि त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली. गजेंद्र थोडा वेळ उभा राहिला आणि मग उस्मानला भाड्याचं विचारतो म्हणून बाहेर गेला. उस्मान भाडं घेणार नाही हे त्यालाही माहीत होतं.

दुपारी डॉक्टरबाई फिरून आल्या. पोरीने दूध ओढलं होतं आणि ती रडली होती, चांगली खणखणीत. कॅल्शियम अजून दोन-तीन दिवस द्यावं लागेल, डीचे थेंब मोठ्या मात्रेने, आणि रक्त पुन्हा तपासू, असं त्या म्हणाल्या. सायलीचंही रक्त घ्यायला सांगितलं. धोका टळला का, या प्रश्नाला त्यांनी "आज बरी आहे" एवढंच उत्तर दिलं. सायली ते उत्तर कितीतरी वेळ मनात उलटसुलट करून बघत राहिली. आज. म्हणजे उद्याचं काय.

"सायली," सीताबाई म्हणाल्या. सकाळपासून त्यांनी पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. "आता पुखाले न्यायचं का नाई पोरीले?"

"मध आहे त्यात. वर्षाच्या आत नाही."

"अन् वर्षानं?"

हिरवे दिवे सायलीच्या डोळ्यांपुढे येऊन गेले, एक, मग शेजारचा, मग पलीकडचा. ते तिने खरंच पाहिले होते. त्याचा अर्थ मात्र ताटलीपलीकडे तिला कधीच लागला नव्हता, आणि तरी त्याच्या जोरावर तिने घरातलं एक माणूस कालपासून गुन्हेगार करून ठेवलं होतं.

"मले माहीत नाई, आई."

"दोन वर्सं तेच शिकत होती ना तू?"

"म्हणूनच माहीत नाही."

सीताबाईंनी यावर विचार केला. त्यांना ते पटलं की नाही, चेहऱ्यावरून कळेना. "मंग राहू दे," त्या म्हणाल्या. "तुले कळलं की सांगजो. पन बाटली हातात धरून सांगजो. दारातून नाई."

"बरं."

"अन् जा आता, तोंड धू. चहा पी. सकायपासून काई नाई पोटात, दूध कसं येईन."

"तुम्ही..."

"मी हाये ना इथं. पाहून राह्यलो तिच्याकडं."

सायली उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली. लतीफाने कपात ओतून आणलेला चहा तिने घेतला, तिथेच, चौकटीला टेकून. सीताबाईंनी लेकराच्या मुठीत आपलं बोट दिलं होतं आणि पोरीचे डोळे मिटत चालले होते. सायलीने एक घोट घेतला. मग पुन्हा खाटेकडे पाहिलं. मग दुसरा घोट. लतीफा म्हणाली, "बस ना वं खाली." पण तिने चहा उभ्याउभ्याच संपवला.